गांधी विवाह
प्रतिसरकारच्या काळात (१९४३–४६) तत्कालीन सातारा जिल्ह्यात प्रचारात आलेली अल्पखर्ची विवाहपद्धती. हुंडा, मानपान, वाजंत्री व गावजेवणे यांना फाटा देऊन गावकऱ्यांच्या साक्षीने वधूवरांनी परस्परांना हार घालावेत, हे तिचे सामान्य स्वरूप होय. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्या वेळी साताऱ्यात मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.

या भागातील परंपरागत कुटुंब पितृसत्ताक व प्रायः एकत्र होते. मामाच्या मुलीशी विवाह इष्ट मानला जाई. तथापि विवाहाचे नियम सर्व जातींत सारखे नव्हते. ब्राह्मणांत व उच्चकुलीन मराठ्यांत विधवाविवाह निषिद्ध होता, तर अनेक शेतकरी व कारागीर जातींत पाट लावण्याची व काडीमोडीची मुभा होती. विवाहबंध अविच्छेद्य असतो ही कल्पना त्यामुळे सार्वत्रिक नव्हती. लग्नखर्चाचा भार मात्र बहुतेकांवर असे व त्यापायी सावकाराकडे जमीन गहाण पडे.

या पद्धतीची वैचारिक पूर्वपीठिका सत्यशोधक समाजात (स्थापना १८७३) आढळते. जोतीराव फुले यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. त्यांनी पुरोहिताविना विवाह लावण्यास आरंभ केला. त्यांच्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते व वर तसे वचन देतो. म्हणजे कन्यादानाऐवजी उभयतांची संमती हा विवाहाचा आधार ठरतो. नाना पाटील यांच्यावर या चळवळीचा प्रभाव होता. प्रतिसरकारने न्यायदान मंडळे, सावकारीस विरोध व दारूबंदी यांच्या जोडीने विवाहसुधारणाही हाती घेतली. कर्जाचे एक मूळच लग्नखर्चात असल्याने तिला आर्थिक कार्यक्रमाचे महत्त्व होते.

या सुधारणेची मर्यादा लग्नानंतरच्या जीवनात दिसून येते. समारंभ साधा झाला, तरी वधू पतीच्याच घरी जाई आणि घर व जमीन पुरुषांच्याच नावे राही. हिंदू विवाह अधिनियमाने (१९५५) द्विभार्याविवाह देशभर अवैध ठरविला व घटस्फोटाची तरतूद केली. मुंबई प्रांतात असे कायदे १९४६ व १९४७ मध्येच झाले होते. परंतु पत्नीस कायदेशीर घटस्फोट न देता टाकून देण्याची प्रथा त्यामुळे थांबली नाही. अशा परित्यक्तांचा प्रश्न १९८० नंतरच्या दशकात सांगली-सातारा भागात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने संघटितपणे मांडला. स्वतःच्या नावे शिधापत्रिका, घरासाठी जागा व कसण्यास जमीन या तिच्या प्रमुख मागण्या होत. कासेगावच्या इंदुमती पाटणकर (१९२५–२०१७) यांनी प्रतिसरकारात व पुढे या चळवळीतही काम केले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना समान वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली. केंद्राने ती २००५ मध्ये केली.

वैधतेच्या दृष्टीने हिंदू विवाहास वधू किंवा वर यांच्या पक्षातील रूढ विधी आवश्यक असतात. तमिळनाडूने १९६७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांस मान्यता दिली. महाराष्ट्रात तशी तरतूद झालेली नाही. विधी नको असणाऱ्यांस विशेष विवाह अधिनियमाखाली (१९५४) नोंदणी-विवाह करता येतो. पुरोहित, खर्च व हुंडा यांवरील टीकेपासून स्त्रीच्या निवासाच्या व मालमत्तेच्या हक्कापर्यंत झालेली विवाहविचाराची वाटचाल या भागाच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे दिसते.