एकटीचा डबा, एकटीचं दार

वस्तीत जी बाई एकटी राहते तिला सगळे ‘मोकळी’ म्हणतात. नवरा नाही, पोरं नाहीत, मग हिला काम तरी काय? म्हणून भाच्याच्या शाळेचा दाखला हिने आणायचा, शेजारच्या आजींना दवाखान्यात हिने न्यायचं, विहारातल्या कार्यक्रमाचा चहा हिच्याकडे आणि सणाच्या दिवसाची ड्युटीही हिचीच. आम्हीही एकट्याच राहतो. नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षं वॉर्डात काढली, आता वस्त्यांमधून आरोग्याचं काम करतो, आणि लग्नाचं विचारणारे अजून थकलेले नाहीत. या पानावर गरोदर बाया, बाळं, म्हातारी माणसं यांच्याबद्दल नेहमीच येतं. या वेळी आमच्यासारख्यांबद्दल लिहितो.

आमच्यात लग्न न केलेल्या आहेत, नवऱ्याने टाकलेल्या आहेत, विधवा आहेत, गावी आईला पैसे पाठवणाऱ्या तरुण मुली आहेत. कुणी धुणीभांडी करते, कुणी दवाखान्यात आया आहे, कुणी झाडूखात्यात, कुणी दुकानात दिवसभर उभी. पुरुषही आहेत, पण त्यांना निदान कुणीतरी खानावळीचा डबा लावून देतं.

सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, “एकटीसाठी काय करायचं?” पहाटे नळाचं पाणी भरायचं, संडासाच्या रांगेत उभं राहायचं, धावत शेअर रिक्षा पकडायची. सकाळी नुसता चहा. दुपारी वडापाव. रात्री परत येईपर्यंत पाय भरून आलेले, मग पुन्हा चहा आणि खारी. ही बाई दुसऱ्याच्या घरी पाच माणसांचा स्वयंपाक करून आलेली असते, हे विशेष. मग चढ चढताना दम लागतो, पाळी जास्त जाते, केस गळतात, आणि ती म्हणते, वय झालं. वय नाही, रक्त कमी झालंय. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते, बोटाच्या एका टोचणीत.

आता एकटीने काय करायचं? कुकर एकदाच लावा. मूठभर तांदूळ, तेवढीच डाळ, वरून मेथी किंवा शेवग्याचा पाला, असेल ती भाजी. पंधरा मिनिटांत होते. रात्री मटकी किंवा हरभरे भिजत घाला, सकाळी डब्यात न्या. ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशीही चांगली लागते, सोबत सुकटीची चटणी. सुकट आणि अंडी हा आपल्यासारख्यांना परवडणारा ताकदीचा खुराक आहे, आणि सुकटीच्या वासाला नाक मुरडणाऱ्यांची पर्वा करू नका. जेवणावर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. चहाने उलटं होतं. म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळी होते, त्याला घाबरून गोळ्या टाकून देऊ नका.

साखरेच्या गोळ्या चालू असतील तर नुसत्या चहावर झोपणं धोक्याचं आहे. काही गोळ्यांनी उपाशी पोटी साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरात दुसरं माणूस नसतं, म्हणून साखरेची पुडी उशाशी आणि पर्समध्ये, दोन्हीकडे ठेवा.

पाण्याचंही तसंच. कामाच्या ठिकाणी संडास नाही किंवा वापरू देत नाहीत, म्हणून बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ. थंडी वाजून ताप आला आणि कमरेच्या वर पाठीत दुखलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं.

आणि डॉक्टर गाठणं हीच तर अडचण. अंगावरून पांढरं जातंय म्हणून गेलं की पहिला प्रश्न, “लग्न झालंय का?” नाही म्हटलं की विचारणारीची नजर बदलते. मग आमच्यातली पुढच्या वेळी जातच नाही. पांढरं जाणं, खाज, ओटीपोटात दुखणं हे लग्न न झालेल्या बाईलाही होतं. ३० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रात बीपी, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड यांची तपासणी मोफत आहे. तिथे लग्नाचा दाखला मागत नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

आमच्या ओळखीची एक सफाई कामगार, पन्नाशीची. बीपीची गोळी संपली होती. पगार लांबला होता आणि डोकंही दुखत नव्हतं, म्हणून पंधरा दिवस गोळी आणलीच नाही. बीपी बहुतेक वेळा दुखत-खुपत नाही, १४०/९० च्या वर राहून गुपचूप काम करतं. एका रात्री तिला लकवा मारला. सकाळी दार बंद दिसलं तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, ड्युटीला गेली असेल. ड्युटीवर वाटलं, दांडी मारली असेल. दुपारी कुणीतरी खिडकीतून पाहिलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “हिला शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?” कुणालाच सांगता येईना. हा प्रश्न ते उगाच विचारत नाहीत. मेंदूत रक्ताची गाठ अडकून लकवा झाला असेल, तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास, माणूस शेवटचं चांगलं दिसलं तिथपासून मोजतात. कुटुंबात कुणी ना कुणी सांगतं की रात्री अकराला पाणी मागितलं होतं. एकटीच्या घरात भिंत काय सांगणार? ती बाई वाचली. उजवा हात गेला.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही, बोलणं जड झालं, यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. कांदा हुंगवत बसू नका, तोंडात पाणी घालू नका, कुशीवर झोपवा, आणि किती वाजता पाहिलं ते लक्षात ठेवा.

एकटीने दाराला आतून कडी लावायची, हे खरंच आहे. गल्लीत दारू पिऊन दार वाजवणारे असतात, ‘कोण येतं-जातं’ मोजणारेही असतात. म्हणून ‘दार उघडं ठेवा’ असला सल्ला आम्ही देणार नाही. आतून उघडणारं पण बाहेरून किल्लीने उघडता येणारं कुलूप बसवा, आणि एक किल्ली विश्वासाच्या बाईकडे द्या. दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा : कुठल्या गोळ्या चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, कुणाला फोन करायचा. रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स तिथेच पिशवीत टांगा. अनेकींचं नाव अजून भावाच्या कार्डावर असतं, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार घेताना कार्ड कामी येतं. भावजयीशी भांडण झालेल्या आठवड्यातच ऑपरेशन निघतं, असा आमचा अनुभव आहे. नाव कमी केल्याचा दाखला घेऊन वेगळ्या कार्डाचा अर्ज आताच करा.

“नातेवाईक आणा, मगच सही” असं कुणी म्हणालं तर हेही माहीत असू द्या, की १८ वर्षं पूर्ण झालेलं, शुद्धीवर असलेलं माणूस स्वतःच्या उपचाराला स्वतः संमती देऊ शकतं. जीव धोक्यात असेल तर तातडीचा उपचार नातेवाइकासाठी अडवता येत नाही.

ज्यांची भरली घरं आहेत त्यांनाही थोडं सांगतो. आमची कीव नको, स्थळं तर मुळीच नकोत. कुलूप लावून एकटीने रात्री एक वाजेपर्यंत वाचत पडण्याचं सुख तुम्हाला माहीत नाही. फक्त सकाळी दूध आणायला जाताना आमचं दार नेहमीच्या वेळेला उघडलं की नाही, एवढं बघा. नसेल तर वाजवा. रविवारी वंदनेला नेहमी येणारी दिसली नाही, तर त्याच दिवशी विचारा.

आम्ही चौघींनी रात्री नऊचा मिस्ड कॉल ठरवला आहे. प्रत्येकीने पुढचीला द्यायचा. साडेनऊपर्यंत आला नाही तर फोन करायचा, उचलला नाही तर जवळ राहणारीने किल्ली घेऊन निघायचं. पैसा लागत नाही. मागच्या महिन्यात एकीचा कॉल आला नाही. फोनही उचलेना. आम्ही पावसात चिखल तुडवत तिच्या गल्लीत पोहोचलो, दार उघडलं, आत कुणी नाही. बाईसाहेब शेजारणीकडे मालिका बघत बसलेल्या, फोन घरी चार्जिंगला. तिला चांगल्या शिव्या घातल्या, तिच्याकडेच जेवलो आणि अकराला घरी आलो.