वादळ आले की विमानतळ का बंद करतात?

(इयत्ता ४ थी)

आपल्या गावावरून विमान गेले की आपण खालून ओरडत हात हलवतो. आमच्या वर्गातले कोणी अजून विमानात बसलेले नाही. पण माझे काका मुंबईत टॅक्सी चालवतात. ते दिवाळीला गावी आले तेव्हा त्यांनी एक हकिकत सांगितली. त्यातले जे मला कळले नाही ते मी गुरुजींना विचारले.

ती गोष्ट १७ मे २०२१ ची. तेव्हा कोरोना होता. अरबी समुद्रात तौक्ते नावाचे चक्रीवादळ आले होते. हे नाव म्यानमार देशाने दिले. त्याचा अर्थ पाल! (वर्गात सगळे हसले.) त्या दिवशी सकाळी काकांनी एका बाईंना विमानतळावर सोडले. त्यांच्या वडिलांचे दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीला ऑपरेशन होते. पण ११ वाजता विमानतळ बंद झाला. आधी २ वाजेपर्यंत बंद म्हणाले, मग ४, मग ६, मग ८, शेवटी रात्री १०.

हे ऐकून आजी म्हणाली, "एवढं मोठं इमान वाऱ्याला भितंय व्हय? ढगाच्या वरनं जायचं की!"

मलाही तसेच वाटले होते. पण गुरुजी म्हणाले, मोठी विमाने सुमारे १० ते १२ किलोमीटर उंचावरून जातात आणि चक्रीवादळाचे ढग त्याहूनही उंच जाऊ शकतात. आणि वरून गेले तरी शेवटी खाली उतरावे लागतेच ना? खरी अडचण तिथेच आहे. विमान उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करते. वादळात वारा सारखा दिशा बदलतो, आणि धावपट्टी काही फिरवता येत नाही. मग वारा बाजूने धडका मारतो. वावटळीत सायकल चालवून बघा म्हणजे कळेल. मी चालवली आहे, सरळ बाभळीत गेले.

त्या दिवशी मुंबईत कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी १०८ किलोमीटर होता. विमानतळाच्या शेजारी सांताक्रूझला एका दिवसात २३० मिलिमीटर पाऊस पडला. मोठ्या पट्टीवर २३ चा आकडा बघा, तेवढे पाणी. वादळ मुंबईवर आलेसुद्धा नव्हते, ते बाजूने समुद्रातून वर गुजरातकडे गेले. तरी एवढे!

धावपट्टीवर पाणी असले की चाके घसरतात. आदल्या वर्षी ३ जून २०२० ला निसर्ग वादळाच्या दिवशी एक मालवाहू विमान मुंबईला उतरताना धावपट्टीवरून घसरले होते. कोणाला लागले नाही. त्या दुपारीही विमानतळ काही तास बंद ठेवला होता.

आता कोण काय ठरवते ते सांगते. आधी हवामान खाते इशारा देते. धावपट्टी बंद करायची का ते विमानतळवाले ठरवतात. कोणते विमान सोडायचे, कोणते रद्द करायचे ते विमान कंपनी ठरवते. ती काही विमाने आधीच दुसऱ्या गावी नेऊन ठेवते. आपण नाही का, आभाळ आले की कडबा झाकतो आणि पत्र्यावर दगड ठेवतो. जे विमान वाटेतच असते त्यात दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याइतके तेल जास्तीचे भरलेले असते. त्या दिवशी चेन्नईहून मुंबईला येणारे एक विमान सुरतला उतरवले. पुलावर पाणी असले की एस.टी.चा ड्रायव्हर गाडी अलीकडेच थांबवतो, तसेच विमानाचा पायलटही उतरायला नको म्हणू शकतो. विमान रद्द झाले तर तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा दुसऱ्या विमानात जागा देतात.

आजी म्हणाली, "मग एकदाच रात्री धा म्हणून सांगायचं. त्या बाईला दिसभर कशाला ताटकळत ठेवलं?" मी गुरुजींना हेच विचारले. ते म्हणाले, वादळाला वेळापत्रक नसते. वारा २ वाजता पडला असता तर विमाने उडाली असती, आणि त्या बाई वेळेवर पोचल्या असत्या.

त्याच दिवशी समुद्रात पी-३०५ नावाचा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाने पुष्कळ जणांना वाचवले, पण पुष्कळ जण गेलेही. हे काकांनी सांगितले तेव्हा आजी काही बोलली नाही.

बाईंचे विमान रद्द झाले. संध्याकाळी त्यांनी काकांना फोन करून बोलावले. रस्त्यात झाडे पडली होती, म्हणून घरी पोचायला लई वेळ लागला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाने त्या गेल्या. तोपर्यंत ऑपरेशन झाले होते, आणि वडील शुद्धीवर आले होते. काका म्हणतात, मी परतीचे भाडे अर्धेच घेतले. आजी अजून विचारते, अर्धे तरी कशाला घेतलेस?