इटलीत माल दाखवण्याआधी लोक तुमचे बूट बघतात



परदेशातल्या प्रदर्शनावरचा व्हिडिओ बघून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर, इटलीला चाललोय, घालायचं काय?" विमानाचं तिकीट, व्हिसा, स्टॉलचं भाडं यावर आपण लाखांत खर्च करतो. कपड्यांचा विचार मात्र आदल्या रात्री बॅग भरताना करतो. म्हणून हा विषय आज सविस्तर घेऊ.

आमच्या बॅचमधला एक मित्र चामड्याच्या बॅगा बनवतो. शिलाई एक नंबर. मिलानच्या प्रदर्शनात तो चुरगळलेला शर्ट आणि दोन वर्षं घासलेले स्पोर्ट शूज घालून उभा राहिला. त्याचेच शब्द सांगतो, "एक बाई थांबल्या. त्यांनी बॅग बघितली, मग माझे बूट बघितले, आणि भाव न विचारता पुढे गेल्या." ऑर्डर बुटांमुळेच गेली, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण चामडं विकणाऱ्याच्या पायात काय आहे, हे गिऱ्हाईक बघणारच ना?

आधी हा एक शब्द शिका: बेल्ला फिगुरा

शब्दशः अर्थ 'सुंदर आकृती'. आपल्याकडे 'चार लोकांत नीट दिसावं' म्हणतात, त्याच्या जवळचा. पण यात फक्त दिसणं नाही, वागणंही आलं. नीट कपडे घालून येणं म्हणजे 'तुमच्या भेटीला मी किंमत देतो' असं न बोलता सांगणं. महागडा ब्रँड लागत नाही. मापात बसणारं, स्वच्छ आणि इस्त्री केलेलं लागतं.

मीटिंग आणि प्रदर्शन

मिलानच्या व्यापारी वर्तुळात गडद निळा, करडा असे शांत रंग चालतात. निळा ब्लेझर, पांढरा किंवा फिकट निळा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पॉलिश केलेले चामड्याचे बूट. ब्लेझरखाली हाफ शर्ट नको, बुटांत पांढरे मोजे नकोत. ताईंनो, तुमच्यासाठी साधा सूट किंवा नीट शिवलेला ड्रेस, दागिने मोजके. दिवसभर उभं राहायचंय, त्यामुळे नवे बूट इथेच महिनाभर वापरून सैल करून घ्या.

संध्याकाळी: अपेरितिवो आणि घरचं जेवण

काम संपल्यावर जेवणाआधी पेय आणि थोडं खाणं घेत गप्पा मारतात, त्याला अपेरितिवो म्हणतात. ओळखी इथे घट्ट होतात. टाय काढली तरी चालते, पण हॉटेलवर जाऊन टी-शर्ट आणि ट्रॅक पँट चढवून येऊ नका. ट्रॅक पँट ही व्यायामाची.

घरी जेवायला बोलावलं तर तो मोठा मान समजा. आपण उंबऱ्यातच चपला काढतो. तिथे यजमानांनी सांगितल्याशिवाय बूट काढायचे नसतात, म्हणजे ते रात्रभर सगळ्यांना दिसणार. हातात मिठाई किंवा फुलं न्या, पण शेवंती नको. आपल्याकडे ती सणाची असली, तरी तिकडे ती कबरीवर वाहतात.

चर्च, लग्न, ऑपेरा

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. रोमच्या सेंट पीटर्समध्ये हा नियम दारावरच लावतात. उन्हाळ्यातही एक पातळ स्टोल जवळ ठेवा. साडी असेल तर पदर दोन्ही खांद्यांवरून घ्या.

लग्नात पांढरा रंग वधूचा. म्हणून पांढरी किंवा मोतिया साडी त्या दिवशी नको. मिलानच्या ला स्काला ऑपेरात शॉर्ट्स किंवा बिनबाह्यांचा टी-शर्ट घालून आलात, तर आत सोडत नाहीत. 7 डिसेंबरला तिथला हंगाम सुरू होतो, तेव्हा तर लोक ठेवणीतले कपडे काढतात.

समुद्राचे कपडे समुद्रावरच

2022 मध्ये सोरेन्तो शहराने उघड्या अंगाने किंवा पोहण्याच्या कपड्यांत रस्त्यावर फिरणाऱ्यांना 500 युरोपर्यंत दंडाचा आदेश काढला. बाकी गावात दंड नसला, तरी नजरा असतातच.

मग आपले कपडे?

बिनधास्त घाला, पण प्रसंग बघून. रात्रीच्या जेवणाला किंवा लग्नाला साडी, बंदगळा छान दिसतो. कोल्हापुरीचं विचाराल, तर जून 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, आणि टीका झाल्यावर त्यामागे भारतीय परंपरा असल्याचं मान्य केलं. पण रॅम्प वेगळा, मीटिंग वेगळी. सूटखाली कोल्हापुरी नको. कुर्ता-जाकिटावर, तेल-पाणी केलेली, कडा नीट असलेली जोडी घाला. तुम्ही तीच बनवत असाल तर तेच तुमचं सॅम्पल.

खर्च कुठे करायचा?

बजेट कमी असेल तर क्रम लक्षात ठेवा. पहिले बूट, दुसरं मापाचं ब्लेझर, तिसरे दोन चांगले शर्ट. रेडिमेड घेतलंत तर गल्लीतल्या टेलरकडून बाह्या आणि कंबर मापात करून घ्या. कमी पैशांत सर्वांत जास्त फरक तिथेच पडतो. बॅगेत पॉलिशची डबी आणि छोटी इस्त्री टाका.

आजचा गृहपाठ: उद्या मीटिंगला जाताना जे घालणार, ते घालून आरशासमोर उभे राहा. हातात तुमचा माल धरा. दोन्ही एकाच माणसाच्या हातचे वाटतात का? उत्तर 'नाही' असेल, तर तिकीट काढण्याआधी ते दुरुस्त करा. आणि काय बदललंत, ते कमेंटमध्ये नक्की लिहा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!