दूरस्थ वाचोपचार आणि मराठीची ध्वनिव्यवस्था

शालेय मुलांच्या उच्चारदोषांवर दूर अंतरावरून, म्हणजे संगणकाच्या अथवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून, उपचार करण्याची पद्धती आता नवीन म्हणता येणार नाही. अमेरिकेतील वाचोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २००५ साली तिला व्यावसायिक मान्यता दिली. ओहायो राज्याच्या ग्रामीण भागातील मुलांवर झालेल्या एका लहानशा प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मुलांच्या एका गटास प्रथम पडद्यावरून व मग प्रत्यक्ष, तर दुसऱ्यास उलट क्रमाने उपचार देण्यात आले. दोहोंची प्रगती जवळजवळ सारखीच आढळली. भारतात मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा बहुतेक तज्ज्ञांपुढे दुसरा मार्गच उरला नाही. शाळा उघडल्यावरही ही पद्धती टिकून राहिली, याचे कारण उघड आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ पासून कार्यरत असली, तरी तज्ज्ञ प्रायः शहरांत राहतात. मुले सर्वत्र असतात.

तथापि इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरील निष्कर्ष मराठीस जसेच्या तसे लावणे धाडसाचे ठरेल. उपचाराचा सारा आधार तज्ज्ञाच्या कानावर असतो, आणि त्या कानापर्यंत काय पोहोचते हे मधल्या वाहिनीवर अवलंबून असते. जुन्या दूरध्वनीतून दर सेकंदास ३०० ते ३४०० कंपनांच्या पट्ट्यातील ध्वनी तेवढे जात. 'स'ची बहुतांश ऊर्जा चार हजारांच्या वर असते, लहान मुलांच्या उच्चारात त्याहूनही वर. 'श'ची काहीशी खाली. म्हणून 'साल' आणि 'शाल' यांतील भेद त्या तारेवर पुसट होई आणि संदर्भावरून ओळखावा लागे. आजच्या दृक्श्राव्य संभाषणाचा पट्टा पुष्कळ रुंद आहे, परंतु संपर्क क्षीण झाला की तोही आकुंचित होतो. शिवाय गोंगाट गाळण्याची यंत्रातील योजना सलग चालणाऱ्या घर्षणध्वनीलाच कधी कधी गोंगाट समजते. मुलाचा 'स' सदोष आहे, की वाहिनीने तो सदोष केला, हे अशा वेळी केवळ ऐकून सांगता येत नाही.

महाप्राणांची गोष्ट थोडी निराळी आहे. 'कार' आणि 'खार' यांतील भेद स्फोटानंतरच्या अल्पशा श्वासावर उभा आहे, आणि प्रवाहातील एखादा तुकडा गहाळ झाला तर नेमका तोच नाहीसा होऊ शकतो. पण येथे डोळा कानाच्या मदतीस येतो. मुलाने ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरली, तर 'ख' म्हणताना ती हलते आणि ते हलणे पडद्यावर स्वच्छ दिसते. 'ळ' आणि 'ण' यांच्या बाबतीत अशी सोय नाही. जिभेचे टोक मागे वळते ते दातांआड, आणि समोर बसलेला तज्ज्ञ ज्या सहजतेने मुलाच्या जिभेला दिशा देऊ शकतो, ती येथे मिळत नाही.

याहून मोठा प्रश्न बोलींचा आहे. पुण्यात बसलेल्या तज्ज्ञासमोर वऱ्हाडातील एखादे मूल 'पानी' म्हणते, 'डोया' म्हणते. यात उच्चारदोष कोठेच नाही; त्याच्या घरी, गावात हीच रूपे रूढ आहेत. त्यास 'पाणी' आणि 'डोळा' म्हणावयास लावणे म्हणजे उपचाराच्या नावाखाली प्रमाणभाषेची शिकवणी घेणे होय, आणि मुलाच्या मनात आपल्या घरच्या बोलीविषयी न्यूनगंड पेरणेही. याउलट तेच मूल 'डोला' म्हणत असेल, तर ते रूप ना प्रमाणभाषेचे ना बोलीचे; तेथे दोषाचा संशय घेण्यास जागा आहे. मात्र उपचाराचे लक्ष्य तेव्हाही 'डोया' हेच असावयास हवे. 'काका'चे 'ताता' होणे मात्र कोणत्याही जिल्ह्यात बोलीचे लक्षण नव्हे. प्रत्यक्ष शाळेत जाणाऱ्या तज्ज्ञाच्या कानावर आवारातले बोलणे आपोआप पडते. पडद्यावर एकच मूल दिसते, आणि त्याच्या भोवतीचा भाषिक समाज चौकटीबाहेर राहतो.

या दोन्ही अडचणींवर एकच साधा उपाय संभवतो. तपासणीचे शब्द मुलाकडून म्हणवून घेण्यापूर्वी त्याच वयाच्या, त्याच गावच्या दोन-तीन वर्गमित्रांकडून, त्याच उपकरणावर, म्हणवून घ्यावेत. त्यांचाही 'स' बोथट ऐकू आला तर दोष वाहिनीचा. तेही 'पानी' म्हणाले तर ती बोली. केवळ या एका मुलाचा उच्चार निराळा निघाला तरच उपचाराचा विचार. वर्गमित्रांऐवजी आईला बोलते करणे सोपे, पण ती पुष्कळदा दुसऱ्या गावची असते, आणि मुले समवयस्कांसारखी बोलू लागतात. संशय उरलाच तर मुलाजवळच्या उपकरणावर ध्वनिमुद्रण करून ते नंतर पाठवावे, कारण ते संभाषणाच्या प्रवाहातील गळतीपासून मुक्त असते.

शब्दांची निवड करतानाही लिपीवर विसंबून चालत नाही. पडद्यावर 'चार' एवढेच लिहून दाखविले, तर तालव्य 'च' असलेली संख्या अभिप्रेत आहे की दन्त्य 'च' असलेले 'गुरांना चार' हे आज्ञार्थी रूप, हे अक्षरांवरून कळत नाही; 'जग' या शब्दाचेही तसेच. मुलाने दुसरा अर्थ घेऊन अचूक उच्चार केला तरी नोंदवहीत चूक पडते. अशा शब्दांसाठी चित्रे वापरावीत, आणि चित्रातील वस्तूस त्या गावात काय म्हणतात हे शिक्षकाकडून आधी विचारून घ्यावे.