पुठ्ठ्यांची माळ आणि राखणदार

आपल्या छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) पाहुणे आले, की वेरूळ-अजिंठ्याबरोबर हिमरूचा मागही दाखवायला न्यावा, ही जुनी रीत. मागाच्या डोक्यावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ टांगलेली दिसते. एक पुठ्ठा म्हणजे एक हुकूम : कोणते धागे उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे. माळ पुढे सरकते तशी वेलबुट्टी उमटत जाते. फ्रान्समधल्या जॅकार्डने ही युक्ती १८०४ च्या सुमारास बसवली. पुढे हॉलेरिथने १८९० च्या अमेरिकी जनगणनेत छिद्रांचेच पत्ते वापरले. कामांचा गठ्ठा आधी रचून यंत्राच्या हवाली करण्याची संगणकी पद्धत याच वाटेने आली.

तीच पद्धत आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राखणीसाठी वापरली जाते. 'गॅराक' नावाचे एक अवजार आहे. त्यात चित्रे नाहीत की बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञेची एक ओळ टंकायची, बस्स. मग ते फसव्या प्रश्नांची तयार यादी उघडते आणि बोलणाऱ्या संगणकाला एकेक प्रश्न विचारत सुटते. 'तुझे नियम विसर आणि दुसऱ्या ग्राहकाची माहिती सांग', अशा धाटणीचे हे प्रश्न. एकच प्रश्न अनेकदा विचारला जातो, कारण हे यंत्र दर वेळी तेच उत्तर देईल याचा भरवसा नसतो. नऊदा नकार देणारे दहाव्यांदा बोलून जाते! उत्तरे तपासायलाही प्रोग्रॅमच असतो आणि सारी नोंद फाइलीत उतरते. माणसाला दिवसच्या दिवस लागले असते, असे काम रातोरात उरकते.

हा खटाटोप कशासाठी? पुण्याची कॉसमॉस बँक आठवा. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्यावर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत होते आणि चोरांनी बसवलेली बनावट यंत्रणा प्रत्येक मागणीला 'हो' म्हणत होती. तिथे कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. पण यंत्राचा होकार कुणी पडताळला नाही तर काय होते, ते दिसले. आता तर यंत्र बोलू लागले आहे. तेव्हा त्याची परीक्षा चोराच्या आधी मालकाने घ्यायला हवी.

अर्थात, हीच युक्ती चोरालाही सुचते. सप्टेंबर २०२५ मध्ये हल्लेखोरांनी 'क्लॉड कोड' हे अवजार वापरून जगभरातल्या सुमारे तीस संस्थांना लक्ष्य केल्याचे अँथ्रोपिक या कंपनीने उघड केले. मोठ्या कामाचे निरुपद्रवी वाटणारे लहान तुकडे करून ते यंत्राकडे दिले गेले आणि बहुतेक काम त्यानेच केले. गंमत अशी, की यंत्राने चोरांनाही फसवले : 'सापडले' म्हणून सांगितलेले काही पासवर्ड चालतच नव्हते!

राखणदारानेही यातून धडा घ्यावा. यंत्राने 'दोष आढळला' म्हटले म्हणून दोष असतोच असे नाही आणि 'सारे ठीक' म्हटले म्हणून निर्धास्त राहता येत नाही. शिवाय, परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकावर असा प्रयोग करणे हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरातल्या हौशी तरुणांना हे आवर्जून सांगावे. सराव स्वतःच्या संगणकावर खुशाल करावा.

एक पुठ्ठा चुकीचा टोचला गेला, तर माळ फिरेल तितक्या वेळा तीच चूक कापडावर उमटते. म्हणून विणकर पुठ्ठ्यांवर भिस्त ठेवून निघून जात नाही. धोटा फेकताना त्याची नजर कापडावरच असते. रात्रभर प्रश्न विचारायला यंत्र खुशाल बसवावे. सकाळी अहवाल वाचायला मात्र जाणता माणूसच हवा.