तुफान सेनेची तिजोरी

शेणोलीजवळ रेल्वेरुळांच्या कडेला एक लहानसं स्मारक आहे. ७ जून १९४३ ला इथं पुणे-मिरज गाडी अडवली गेली. पुढं रुळावर दगड रचले, गाडीनं मागं पळ काढू नये म्हणून शेवटचा डबाही अडवला. बंदुका नव्हत्याच, कोयते, काठ्या आणि काही गावठी बॉम्ब. सरकारी नोकरांच्या पगाराचे १९,१७५ रुपये हाती लागले.

अडवणारे होते कुंडलच्या तुफान सेनेचे गडी, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं, इंग्रजांविरुद्ध उभ्या केलेल्या समांतर सरकारचं, सशस्त्र दल. पुढाकार जी. डी. बापू लाडांचा, आणि सोबत कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. पुढच्या वर्षी, १४ एप्रिल १९४४ ला, धुळे भागात चिमठाण्याजवळ सरकारी खजिनाच लुटला. रक्कम सुमारे साडेपाच लाख!

एवढा पैसा ठेवायचा कुठं? बँकेत तर नेता येत नव्हता. पण तो साठवून ठेवण्यासाठी आणलेलाच नव्हता. शेणोलीची रक्कम दुष्काळानं उपाशी पडलेल्या शेतकरी-मजुरांपर्यंत गेली. त्यातच प्रतिसरकारच्या नावावर दरोडे घालणारे भुरटे निघाले. त्यांचा बंदोबस्तही याच पोरांना करावा लागला. लुटीवर चालणाऱ्या संस्थेला पै-पैची अब्रू जपावी लागते, ती अशी.

खरी शिल्लक मात्र रोकडीत नव्हतीच. भूमिगताला रात्री-अपरात्री दार उघडणारं घर आणि चुलीवरची भाकरी, हा सेनेचा राखीव निधी. त्याची वही कुणी लिहिली नाही. ते दार उघडणाऱ्या, ती भाकरी वाढणाऱ्या बाया नसत्या तर साडेपाच लाखांनीही सेना महिनाभर तगली नसती, असं मला वाटतं.

पुढं १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. सुरुवातीला किमान २०० रुपये महिना. तुरुंगात गेलेल्यांकडे तुरुंगाचा दाखला होता. भूमिगतांनी काय दाखवायचं? फरारी घोषित केल्याचा हुकूम, स्थानबद्धतेचा हुकूम किंवा डोक्यावर लावलेलं इनाम. म्हणजे इंग्रजांच्या दप्तरात नाव असलेला पात्र. जो इतका बेमालूम लपला की पोलिसांना त्याचं नावही कळलं नाही, त्याच्याकडे कागद कुठला? आणि त्याला भाकरी वाढणारीकडे?