हॉल एक, कामे दोन

नव्या फ्लॅटचे हप्ते सुरू झाले की हॉल सजवायला हातात फारसे उरत नाही. त्यातून बैठक आणि जेवणाची जागा एकच. अशा वेळी सोफासेट आणि सहा खुर्च्यांचे टेबल एकदम हप्त्यांवर घेऊ नका. रोज घरात जेवणारे किती, ते आधी मोजा.

मग फरशीवर खडूने आखणी करा. चौघांच्या टेबलाला 4 फूट बाय अडीच फूट पुरते. खुर्ची मागे सरकवून उठायला आणखी 3 फूट लागतात. टेबलाची लांब बाजू भिंतीला लावली की तेवढी जागा वाचते. पाहुणे आले की टेबल पुढे ओढायचे.

खुर्च्या दोनच घ्या आणि सुताराकडून 18 इंच उंचीचा एक बाक करून घ्या. तो बैठकीतही चालतो. सोफ्याऐवजी पेटीचा दिवाण घ्या: दिवसा बसायला, रात्री पाहुण्यांना झोपायला, आत गाद्या ठेवायला.

बडोदेकरांना संखेड्याच्या लाखकामाचा मोह होतोच. पूर्ण सेट परवडत नसेल, तर एखादा बाजोठ आणा. आजोळी माळ्यावर पडलेली सागवानी खुर्ची असेल, तर वेत नव्याने विणून घ्या; नव्या खुर्चीपेक्षा बहुधा स्वस्त पडते.

पहिल्या महिन्यात टेबल आणि बाक आणा, पुढे दिवाण. शोकेस सर्वांत शेवटी. तोवर सगळ्यांनी एकत्र जेवायची सवय लागलेली असेल.